कोडिंगवाल्या एआयला काल सांगितलेलं आज आठवत नाही, तुम्ही काय करता?

दुधखुळा

मंडळी, शनिवारची दुपार आणि डोकं सरकलंय, म्हणून धागा काढतोय. लांब झालाय, सांभाळून घ्या.

मी आणि माझा पार्टनर मिळून दूध संस्थांसाठी संकलनाचं सॉफ्टवेअर करतो, कोल्हापूर-सांगली पट्ट्यात. सकाळ-संध्याकाळ दूध येतं, मशीन फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) काढतं, दरपत्रकात बघून लिटरला भाव लागतो, दर दहा दिवसांनी बिल. पायथन, पोस्टग्रेस डेटाबेस आणि एक अँड्रॉइड अ‍ॅप, एवढाच पसारा. वर्षभर एआय असिस्टंट वापरतोय, एक टर्मिनलमधला, एक एडिटरमधला, आणि पार्टनरकडे तिसराच. नावं घेत नाही, उगाच इथे फॅन क्लबांची भांडणं नकोत.

आता दुखणं. आमच्या एका संस्थेचं दरपत्रक ०.१ च्या पायरीने आहे. मशीनने गाईच्या दुधाला ४.२७ फॅट दाखवली तर संस्थेच्या नियमाने ती ४.२ धरायची, दुसरा आकडा सोडून द्यायचा. एआय दर वेळी राउंड करून ४.३ करतो. सांगितलं की "अगदी बरोबर, माफ करा" म्हणतो, दुरुस्त करतो, आणि सोमवारी नवीन सेशन उघडलं की परत ४.३! टर्मिनलवाल्याला शिकवलं तर एडिटरवाल्याला पत्ता नाही, आणि पार्टनरचा तर स्वतंत्र संसार.

दुसरं म्हणजे आमचे शब्द. दिवाळीला संस्था दूध फरक देते, म्हणजे वर्षभराच्या दुधावर वरून दिलेले पैसे. याने "फरक" वाचून दोन बिलांची वजाबाकी करणारं फंक्शन लिहून ठेवलं. "उचल" म्हणजे आगाऊ घेतलेले पैसे, तर याने त्या कॉलमला चक्क दूध उचलणाऱ्या गाडीच्या टेबलाशी जोडलं. हसावं का रडावं.

आत्तापर्यंत केलेले उपाय: सूचनांची एक फाईल बनवली, ती वाढत वाढत ६०० ओळींची झाली, आता ती असून नसल्यासारखी. मग मेमरीचा एक एमसीपी सर्व्हर लावला (एमसीपी म्हणजे असिस्टंटला बाहेरची साधनं जोडायची ठरलेली पद्धत), चार दिवस मजा आली. कायमस्वरूपी आणि सगळ्या टूल्सना चालेल असं काही आहे का?

गणपा_०७

आमच्या मॅनेजरला एमसीपी सर्व्हर लावता येईल का? त्यांनाही सोमवारी शुक्रवारचं काही आठवत नाही. (दिवे घ्या)

कोथिंबीरवडी

दुधखुळा, फरकवाला किस्सा वाचून ऑफिसात हसले, लोक बघायला लागले.

आधी एक गैरसमज काढून टाका, की त्याला आठवत होतं आणि तो विसरला. मॉडेलला मुळात काहीच आठवत नसतं, एका सेशनच्या आतसुद्धा नाही. तुम्ही प्रत्येक वेळी एंटर मारता तेव्हा आधीचं सगळं संभाषण, उघडलेल्या फायली, कमांडचं आउटपुट असं अख्खं गाठोडं परत त्याच्याकडे जातं आणि तो ते पहिल्यापासून वाचतो. सेशन बंद, गाठोडं गायब. त्यामुळे "मेमरी" नावाने जे काही विकलं जातंय ते शेवटी एकच आहे, कुठेतरी लिहून ठेवलेला मजकूर जो पुढच्या गाठोड्यात कोंबला जातो. कोण लिहितं, कुठे ठेवतं आणि कधी कोंबतं, यातच काय तो फरक (तुमचा दिवाळीचा नव्हे).

तुमची ६०० ओळींची फाईल का चालत नाही? कारण ती प्रत्येक सेशनला अख्खी जाते आणि तुमचा फॅटचा नियम ३४० व्या ओळीत कुठेतरी गाडला गेलाय. लांब मजकुरात मधे ठेवलेली माहिती मॉडेल नीट वापरत नाहीत, सुरुवातीची आणि शेवटची जास्त चांगली वापरतात, हे २०२३ मध्येच एका पेपरात मोजून दाखवलं होतं. नंतरची मॉडेलं सुधारली, पण पन्नास सूचना दिल्या की त्यातल्या काही हवेत जातात हे मी रोज बघते. लोक म्हणतात कॉन्टेक्स्ट विंडो (मॉडेल एका वेळी वाचू शकतं तेवढा मजकूर) मोठी झाली ना, जेमिनी १.५ प्रो १० लाख टोकनची (टोकन म्हणजे मजकुराचे छोटे तुकडे) विंडो घेऊन २०२४ च्या फेब्रुवारीत आलं. अहो पण गोदाम मोठं झालं म्हणून किल्ली सापडत नाही.

आता टूल्सचं. क्लॉड कोड क्लॉड डॉट एमडी नावाची फाईल वाचतं, होम फोल्डरमधली सगळ्या प्रोजेक्टसाठी आणि रेपोतली (प्रोजेक्टच्या कोडच्या साठ्यातली) त्या प्रोजेक्टसाठी, शिवाय सबफोल्डरमधे वेगळी ठेवली तर तिथल्या फायलींना हात लावला की ती घेतं. कर्सरचं पूर्वी एकच कर्सररूल्स होतं, आता रूल्सचं फोल्डर आहे, त्यात कुठला नियम कुठल्या फायलींना लागू ते सांगता येतं. कोपायलटची सूचनांची फाईल डॉट गिटहब फोल्डरमधे. या सगळ्या सावळ्या गोंधळावर उतारा म्हणून एजंट्स डॉट एमडी आलं, कोडेक्स, कर्सर वगैरे बरीच मंडळी ते थेट वाचतात, आणि २०२५ च्या डिसेंबरात ते एमसीपीबरोबरच लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली गेलं.

आम्ही काय करतो: खरा मजकूर एजंट्स डॉट एमडीत. क्लॉड डॉट एमडीत फक्त एक ओळ, अ‍ॅटच्या चिन्हापुढे त्या फाईलचं नाव, की ती आत ओढली जाते. आधी सिमलिंक (दुसऱ्या फाईलकडे बोट दाखवणारी फाईल) केली होती, पण टीममधल्या विंडोजवाल्यांकडे गिट (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं टूल) तिची साधी टेक्स्ट फाईल करून ठेवायचं, नाद सोडला.

टर्मिनल_तात्या

३० वर्षं झाली या धंद्यात. ज्याला तुम्ही मेमरी म्हणताय त्याला आम्ही डॉक्युमेंटेशन म्हणायचो आणि ते कोणी लिहायचं नाही. आता यंत्राला वाचायचंय म्हटल्यावर सगळे हौसेने लिहायला लागले. नवीन आलेल्या पोराला "फरक म्हणजे काय" हे कोणी लिहून दिलं होतं का कधी? दिलं असतं तर आज फाईल तयारच असती.

बरं ते जाऊ दे. कामाचं सांगतो. तुमच्याकडे एक मेमरी आधीपासून आहे, गिट लॉग. फक्त "फिक्स", "फिक्स २", "फायनल फिक्स" असले मेसेज असतील तर तिचा उपयोग शून्य. कमिटमधे, म्हणजे प्रत्येक बदलाच्या नोंदीत, *का* ते लिहा. "फॅट राउंड न करता कापली, कारण अमुक संस्थेचं दरपत्रक ०.१ च्या पायरीचं" एवढं पुरे. मग असिस्टंटला एकच सूचना द्या, कुठलंही हिशोबाचं फंक्शन बदलण्याआधी त्या ओळींचा ब्लेम (कुठली ओळ कोणी, कधी बदलली) आणि लॉग वाच. हे सगळ्या टूल्सना चालतं, कारण गिट सगळ्यांनाच येतं.

मोठे निर्णय असतील तर निर्णयनोंदी, ज्याला एडीआर म्हणतात. मायकेल नायगार्डने २०११ मध्ये मांडलेली पद्धत, एका निर्णयाला एक छोटी फाईल: परिस्थिती काय होती, काय ठरलं, त्याचे परिणाम काय. निर्णय बदलला तर जुनी फाईल खोडायची नाही, वर लिहायचं की ही आता रद्द, नवीन अमुक नंबरची बघा. माणसांसाठी केली होती, यंत्रालाही तितकीच चालते.

रात्रपाळी

म्युनिकहून. तात्यांना +१, पण सगळंच गिटमधे टाकता येत नाही ना. "मला पोस्टग्रेस कंटेनरमधे चालवायला आवडतं" हे माझं वैयक्तिक, ते टीमच्या रेपोत कशाला.

आणि उलटं संकट मी भोगलंय. दोन क्लायंट, एकच लॅपटॉप, मेमरी युजर लेव्हलला चालू. एका क्लायंटच्या एपीआयच्या नावाची पद्धत दुसऱ्याच्या कोडमधे उगवली, रिव्ह्यूमधे समोरचा विचारतो हे नाव कुठून आलं. घाम फुटला. नुसती नावाची पद्धत होती म्हणून वाचलो. तेव्हापासून नियम केलाय, जागतिक मेमरीत फक्त माझ्या सवयी, क्लायंटचं काहीही असलं तर प्रोजेक्टच्या आत, आणि शंका आली तर प्रोजेक्टच्याच आत.

शून्य_एक

कोणी वेक्टर डेटाबेसचं बोललंच नाही अजून! आम्ही सगळी सेशन्स एम्बेड करून (मजकुराच्या अर्थाचे आकडे बनवून) पोस्टग्रेसच्या पीजीवेक्टरमधे टाकतो, नवीन प्रश्न आला की जवळचे तुकडे शोधून देतो. मेमजीपीटीचा पेपर वाचा, बर्कलीवाल्यांचा २०२३ चा, कल्पना फार सुंदर आहे: कॉन्टेक्स्ट विंडो म्हणजे रॅम, बाहेरचा साठा म्हणजे डिस्क, आणि काय आत आणायचं काय बाहेर टाकायचं हे मॉडेलनेच फंक्शन कॉल करून ठरवायचं. पुढे त्याचंच लेटा झालं.

कोथिंबीरवडी

कल्पना सुंदरच आहे, कस्टमर सपोर्टच्या बॉटला मी पण वापरीन. पण कोडसाठी? दुधखुळाच्या केसमधे विचार करा. नवीन फंक्शन लिहिताना प्रश्न असतो "संध्याकाळच्या बॅचचा रिपोर्ट बनव". त्या वाक्याच्या आसपास "फॅट राउंड करू नको" कशाला सापडेल? अर्थाने ती वाक्यं लांबच आहेत. जे *नेहमी* लागू आहे ते शोधून आणायच्या भरवशावर ठेवायचंच नाही, ते कायम समोर हवं. आणि सेशन्स जशीच्या तशी साठवली की त्यात चुकीचे प्रयत्नही आले. मंगळवारी तुम्ही जो उपाय करून फेकून दिला तो शुक्रवारी "तुम्ही आधी असं केलं होतं" म्हणून परत येतो.

शून्य_एक

हम्म. हे झालंय आमच्याकडे. मान्य.

सेमीकोलन

मी सिक्युरिटीवाली, म्हणजे लग्नात नाक मुरडणारी आत्या. सवय आहे.

मेमरी म्हणजे असा मजकूर, जो पुढच्या प्रत्येक सेशनला मॉडेल विश्वासाने वाचणार आहे. म्हणजे हल्लेखोराला एकदाच आत शिरायचंय, नंतर रोज फुकट. २०२४ च्या सप्टेंबरात योहान रेहबर्गर नावाच्या संशोधकाने हेच चॅटजीपीटीच्या मॅक अ‍ॅपवर दाखवलं. बाहेरच्या मजकुरातून मेमरीत सूचना पेरली, आणि पुढची संभाषणं बाहेर पाठवली जायला लागली, नवीन चॅट उघडलं तरी. ओपनएआयने तो बाहेर जायचा रस्ता बंद केला, पण धडा सगळ्यांनाच लागू आहे. मग २०२५ च्या मार्चमध्ये पिलर सिक्युरिटीने कर्सर आणि कोपायलटच्या रूल्स फायलींवर दाखवलं की न दिसणारी युनिकोड अक्षरं वापरून त्यात सूचना लपवता येतात. रिव्ह्यू करणाऱ्याला फाईल साधीभोळी दिसते, मॉडेल मात्र लपलेलं वाचतं.

इथे मराठीवाल्यांसाठी एक गंमत. उपाय म्हणून लोक शून्य रुंदीची (न दिसणारी) सगळी अक्षरं अडवणारा हुक, म्हणजे कमिटच्या वेळी आपोआप चालणारी तपासणी, लावतात. पण आपल्या "दुसर्‍या", "सुर्‍या" मधला तो र बऱ्याच कीबोर्डवर शून्य रुंदीचा जॉइनर टाकूनच उमटतो. म्हणजे मराठीत नोट्स लिहिल्या की हुक बोंबलतो. आम्ही जॉइनर फक्त देवनागरी अक्षराला चिकटून असेल तर सोडतो, बाकी सगळं अडवतो. अर्धा दिवस गेला यात.

आणि कृपा करून डेटाबेसचा पासवर्ड, शेतकऱ्याचा खाते नंबर, आधार असलं काही चॅटमधे चिकटवू नका. मेमरी आपोआप लिहिणारं टूल असेल तर ते "कनेक्शनची माहिती" म्हणून आनंदाने जपून ठेवतं. एका टीमच्या रेपोत तशी फाईल कमिट झालेली मी स्वतः काढलीये.

दुधखुळा

बापरे, बरंच आलं की. आत्ता जाऊन बघितलं, माझ्या मेमरीच्या फाईलमधे टेस्ट सर्व्हरचा पासवर्ड होता. उडवला. पासवर्डही बदलला. सेमीकोलन, आत्याबाई, साष्टांग.

एक विचारायचं होतं, नोट्स मराठीत लिहू का इंग्रजीत? मला "उचल", "कपात", "फरक" इंग्रजीत लिहिलं की चुकल्यासारखं वाटतं.

कोथिंबीरवडी

देवनागरीला टोकन जास्त लागतात, तेवढाच मजकूर इंग्रजीपेक्षा महाग पडतो. पण तुमच्या धंद्याचे शब्द भाषांतर करू नका, भाषांतरामुळेच तर वजाबाकी झाली. शब्दकोश करा. डावीकडे कोडमधलं नाव, उजवीकडे एक वाक्य अर्थ, आणि काय *नाही* तेही. "फरक: दिवाळीला सभासदाला लिटरमागे मिळणारी जादा रक्कम. वजाबाकी नव्हे." वीस शब्द असतील फार तर. बाकी सूचना इंग्रजीत चालतील.

एक_वाचक

अवांतर: ४.२७ चं ४.२ धरायचं म्हणजे शेतकऱ्याचे पैसे कापायचे. रोज थोडे थोडे. आमच्या घरी म्हशी आहेत म्हणून विचारतो. एआय राउंड करत होता तर तो बरोबरच होता म्हणायचा!

दुधखुळा

दादा, मनातलं बोललात. मी पण संस्थेला विचारलं होतं, उत्तर आलं "पहिल्यापासून असंच आहे". माझं काम नियम लिहिण्याचं, बनवण्याचं नाही. पण हो, पटत नाहीच.

टर्मिनल_तात्या

अवांतर नाहीये ते. यंत्राला नियम दिला, कारण नाही दिलं, की ते त्याला चूक समजून सुधारायला जाणार. ४.२७ चं ४.३ हेच बहुतेक कोडमधे बरोबर असतं. म्हणून नोंदीत लिहा की हे विचित्र दिसतंय पण मुद्दाम आहे, अमुकने अमुक तारखेला सांगितलंय. तारीख आणि माणूस. तलाठ्याच्या फेरफारासारखं.

आणि हिशोबाचा नियम मेमरीत ठेवून भागत नाही, त्याची टेस्ट लिहा. ४.२७ आत, ४.२ बाहेर. मग कोणी विसरो, टेस्ट लाल होते.

---

दुधखुळा (दोन महिन्यांनी)

धागा वर काढतोय, कारण पुढे रामायण घडलं.

तुमचं ऐकून फाईल ६०० वरून ८० ओळींवर आणली. शब्दकोश वेगळा, बिलाच्या फोल्डरमधे बिलाचे नियम, अ‍ॅपच्या फोल्डरमधे अ‍ॅपचे. कमिटमधे कारणं. टेस्ट लिहिली. पार्टनरचा तिसरा असिस्टंटही तीच फाईल वाचायला लागला. महिनाभर शांतता, एकदाही ४.३ नाही. मी खूश.

मग संस्थेची वार्षिक सभा झाली. एक_वाचक, तुमच्यासारखेच कोणीतरी उभे राहिले, हा दुसरा आकडा जातो कुठे म्हणून. जोरदार गोंधळ झाला आणि ठराव झाला की पुढच्या दहावड्यापासून राउंड करायचं, ४.२७ चं ४.३. म्हणजे एआय वर्षभर जे करत होता तेच!

मी फंक्शन बदललं, टेस्ट बदलली, नियमांच्या फाईलमधली ओळ बदलली. आणि आठवड्याने एडिटरवाल्याला दुसरंच काहीतरी काम सांगितलं, तर त्याने जाता जाता माझं फंक्शन परत कापणारं केलं, टेस्टही "जुन्या अपेक्षेनुसार" बदलून टाकली, आणि वर सारांशात लिहिलं की राउंडिंगमधली चूक दुरुस्त केली, संस्थेचा नियम दुसरा आकडा सोडण्याचा आहे. इतक्या आत्मविश्वासाने, की क्षणभर मलाच वाटलं सभा झालीच नाही. सुदैवाने बिल निघायच्या आदल्या दिवशी दिसलं.

तीन तास शोधलं. रेपोत कुठेच जुना नियम नाही. शेवटी आठवलं, ते चार दिवस मजेत वापरलेलं एमसीपीचं प्रकरण! सर्व्हर एडिटरच्या सेटिंगमधे अजून जोडलेलाच होता. त्याची साठवण म्हणजे एक साधी जेसनच्या ओळींची फाईल असते, वस्तू, त्यांचे संबंध आणि प्रत्येकीबद्दलची निरीक्षणं. उघडली तर "फॅट" नावाच्या वस्तूखाली तोच नियम सात वेळा, सात वेगवेगळ्या शब्दांत. मी दर सोमवारी चिडून सांगायचो ना, दर वेळी त्याने नवीन निरीक्षण म्हणून लिहून ठेवलेलं. एकाला तारीख नाही.

सेमीकोलन

टेस्ट पण बदलली? त्याला टेस्टच्या फोल्डरमधे विचारल्याशिवाय लिहायची परवानगी का आहे? हिशोबाच्या टेस्टना हात लावणारी पुल रिक्वेस्ट (बदल मुख्य कोडमधे घ्यायची विनंती) माणसाच्या सहीशिवाय मर्जच होऊ देऊ नका. हे मेमरीचं नाही, कुलपाचं काम आहे.

रात्रपाळी

सात वेळा एकच गोष्ट, म्हणजे त्याच्या लेखी सात साक्षीदार. आणि फाईलमधे नवीन नियम एकदाच. तुम्ही हरणारच होतात.

तुमच्याकडे आता मेमरीच्या एकूण किती जागा आहेत ते मोजलंत का? मी मोजल्या होत्या, माझ्याकडे निघाल्या पाच. क्लॉड कोड तर हल्ली स्वतःहून पण नोंदी करतं, प्रोजेक्टप्रमाणे होम फोल्डरमधे, गिटच्या बाहेर. सुरुवातीला त्यातल्या मुख्य फाईलच्या २०० ओळी लोड होतात. ती साधी मार्कडाउन आहे, उघडून खोडता येते, पण उघडायला आठवलं पाहिजे ना.

दुधखुळा

मोजल्या. रेपोतली फाईल, होममधली, एडिटरच्या स्वतःच्या मेमरीज, एमसीपीवाली, पार्टनरच्या मशीनवर अजून दोन. सहा! त्यातल्या चार बंद केल्या. रेपोतली ठेवली आणि होममधे माझ्या सवयींच्या नऊ ओळी. आपोआप लिहिणं सगळीकडे बंद. नवीन काही शिकला तर सेशनच्या शेवटी मला ओळ सुचवतो, मी वाचतो, पटली तर मीच कमिट करतो. सात सुचवतो त्यातली एखादी ठेवतो.

टेस्टचं कुलूप आज रात्री लावतो, आत्याबाई.

टर्मिनल_तात्या

जुना नियम फाईलमधून खोडलात ना? तिथे चुकलात. "सभेच्या तारखेपर्यंत कापायची, त्यानंतर राउंड, ठराव अमुक" असं दोन्ही ठेवायला हवं होतं. म्हणजे कोणी जुना घेऊन आला तर त्याला कळलं असतं की हा रद्द झालाय. शिवाय मागच्या दहावड्याचं बिल कोणी परत काढायला सांगितलं तर काय कराल?

दुधखुळा

...

तात्या, काल संध्याकाळी एका सभासदाने नेमकं तेच मागितलंय. ऑगस्टचं बिल परत काढून द्या म्हणून. आणि मी नवीन नियमाने काढून दिलं.

एक_वाचक

त्याला फायदा झाला असेल तर गप्प बसा.

टर्मिनल_तात्या

गप्प काय बसा, रजिस्टरशी जुळणार नाही ते. दुधखुळा, लागू झाल्याच्या तारखेचा कॉलम टाका दरपत्रकाच्या टेबलात, हे मुळात मेमरीचं कामच नव्हतं. टेबल कसं आहे ते इथे टाका, बघतो.